झांपा दरवाजाच्या आत

बोरिवलीतल्या एका घरात सहलीचा विषय निघाला. नातवंडांना समुद्र हवा होता, आजीला सोमनाथाचं दर्शन, आणि मुलाला ऑफिसातून रजा मिळाली होती जेमतेम पाच दिवसांची. तेव्हा आजोबांनी दीवचं नाव काढलं. शाळेत 'गोवा, दमण आणि दीव' असं एका दमात पाठ केलेलं. गोवा कितीदा तरी झालं, दमण एकदा ऑफिसच्या मित्रांबरोबर झालं (त्याबद्दल घरात फारसं बोललं जात नाही), तिसरं नाव मात्र पुस्तकातच राहून गेलं होतं.

सुनेने मोबाइलवर नकाशा उघडला आणि तिचा विश्वासच बसेना. मुंबईहून दीवला सरळ रेघ मारली तर अंतर तीनशे किलोमीटरच्या आत भरतं. पण मध्ये खंभातचं आखात आडवं येतं, त्यामुळे रस्त्याने वडोदरा, भावनगर असा अख्खा वळसा घालावा लागतो आणि आकडा आठशेच्या घरात जातो. विमानतळ दीवमध्ये आहे, पण विमानांचं वेळापत्रक बदलत राहतं. म्हणून बरीच कुटुंबं करतात तेच यांनी केलं. एक रात्र गाडीत काढून वेरावळ गाठलं, शेजारीच सोमनाथ असल्याने आजीचं दर्शन पहिल्याच दिवशी उरकलं, आणि पुढे कोडिनार, ऊना करत सुमारे नव्वद किलोमीटरचा रस्ता जीपने कापला. हजिऱ्याहून फेरीबोटीने आखात ओलांडायचा बेत करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. ती बोट जाते ते घोघा भावनगरजवळचं. दीवच्या दारातलं ते घोघला. एका 'ला'चा फरक, पण रस्त्याचे चार-पाच तास मध्ये आहेत.

घोघला हा दीवचा मुख्य भूमीवरचा तुकडा. तिथून पूल ओलांडला की बेट. पुलावरून डावीकडे नजर टाकली की खाडीकाठचं गाव दिसतं, त्याच्या टोकाला किल्ला, आणि खाडीच्या तोंडाशी पाण्यातच नांगरून ठेवल्यासारखा दगडी पाणीकोठा. मुलांना ते जहाज वाटलं. त्यांची चूक नव्हती, बांधणाऱ्यांनी आकारच तसा दिला आहे.

दीवला जाऊन आलेल्या माणसाला विचारलं तर तो दोन गोष्टी सांगतो: नागोआचा किनारा आणि गुजरातेत न मिळणारी बाटली. दोन्ही खऱ्या आहेत. गुजरातेत दारूबंदी, दीव केंद्रशासित, त्यामुळे शनिवार-रविवारी सौराष्ट्रातून गाड्यांची रीघ लागते. (परत जाताना चेकपोस्टवर डिकी उघडायला लावतात. बाटली बरोबर नेणं गुजरातेत गुन्हा आहे, हे गमतीने घेऊ नये.) पण या दोन गोष्टींच्या गलबल्यात तिसरी मागे पडते, आणि खरं तर तीच दीवची मोठी गोष्ट आहे. बेटाच्या पूर्व टोकाला तटबंदीच्या आत वसलेलं, अजूनही नांदतं असलेलं गाव. मराठी माणसाने वसईचा किल्ला पाहिलेला असतो. तिथेही तटाच्या आत पोर्तुगीजांचं एक आखीव शहर होतं; आज छप्पर उडालेल्या चर्चेसमध्ये वड-पिंपळ वाढलेत आणि लग्नाआधीचे फोटो काढले जातात. दीवमध्ये तटाच्या आत कपडे वाळत असतात, कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात, ओट्यावर बसून कोणी लसूण सोलत असतं.

दीवमधला पहिला दिवस अर्थातच नागोआला गेला. तो हट्ट मोडायची कुणाची प्राज्ञा नव्हती. गावापासून सात-आठ किलोमीटरवर घोड्याच्या नालेसारखी वळलेली ही चौपाटी कुटुंबांना बरी पडते, कारण लाटा मवाळ असतात. पावसाळ्यात मात्र इथे पाण्यात उतरायचं नसतं. काठावर होका नावाची झाडं दिसतात. ताडासारखी, पण ताडाला कधी फांदी फुटत नाही आणि याच्या खोडाला दोन फाटे फुटतात, त्या फाट्यांना पुन्हा दोन. मुलांनी बेचक्या मोजल्या. पोर्तुगीजांनी हे झाड आफ्रिकेतून आणलं असं गाइड ठामपणे सांगतात. वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र त्याला भारताच्या पश्चिम किनाऱ्याचंच मानतात. गर्दी नको असेल तर घोघल्याचा किनारा उत्तम. २०२० साली देशातल्या ज्या पहिल्या आठ किनाऱ्यांना 'ब्लू फ्लॅग' मिळाला त्यांत तो होता, आणि त्याची स्वच्छता अजून नजरेत भरते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी सगळ्यांना झांपा दरवाजासमोर उभं केलं.

गुजरातीत 'झांपो' म्हणजे गावाची वेसच. तेव्हा 'झांपा दरवाजा' म्हणजे 'वेशीची वेस' झाली, पण दीवमध्ये सगळे तसंच म्हणतात. दरवाजा लालसर रंगवलेला, वर कोरलेले सिंह आणि देवदूत. दोन्ही बाजूंनी तट निघतो, तो उत्तरेला खाडीपर्यंत आणि दक्षिणेला समुद्रापर्यंत. बेटाचं पूर्वेकडचं टोक सुरीने कापून वेगळं करावं तसं या तटाने गाव वेगळं केलं आहे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, पुढच्या टोकाला किल्ला आणि पाठीशी हा तट. आतलं गाव एवढं आटोपशीर की आजीसुद्धा गुडघ्यांची तक्रार न करता ते पायी फिरू शकली. अधूनमधून ओटा दिसला की ती टेकायची.

नातीने तटाच्या दगडावर बोट फिरवलं तर रवाळ पीठ हाताला लागलं. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरचा हा चुनखडीचा दगड समुद्री जीवांच्या बारीक कवचांच्या कणांनी बनलेला आहे. कापायला सोपा, म्हणून त्यावर नक्षी छान उठते. पण खारा वारा त्याला खात राहतो आणि भिंतीला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पडतात. त्याच जातीचा पोरबंदरचा दगड मुंबईच्या जुन्या इमारतींत वापरला आहे. तटाबाहेर नायडाच्या गुहा आहेत. त्यांना गुहा म्हणायचं, पण त्या खाणीसारख्या खोदलेल्या आहेत. किल्ल्यासाठी, तटासाठी इथूनच दगड काढला असं सांगतात. वरून उन्हाचे झोत खाली उतरतात आणि सकाळी दहा-अकराला भिंती सोनेरी होतात. मोबाइल घेऊन उभ्या असलेल्या सुनेला तिथून हलवायला अर्धा तास लागला.

दीवच्या भिंती कशासाठी उभ्या राहिल्या हे कळायला आधी आपल्याच रायगड जिल्ह्यात यावं लागतं. १५०८ साली चौलच्या खाडीत पोर्तुगीजांची इजिप्तच्या आरमाराशी आणि गुजरातच्या सुलतानाचा दीवचा सुभेदार मलिक अयाज याच्या जहाजांशी लढाई झाली. तिच्यात पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. बापाने सूड घेतला तो दीवला. ३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीवच्या समोर समुद्रात त्याने ते संयुक्त आरमार बुडवलं. हिंदी महासागरावर पुढे शंभर वर्षं कोणाचं चालणार ते त्या एका दिवसात बरंचसं ठरलं. अलिबागला शनिवारी-रविवारी जाऊन येणाऱ्यांनी रेवदंड्याच्या तटावरून खाडीकडे पाहताना एकदा दीवची आठवण काढायला हरकत नाही.

आरमार बुडालं तरी दीव हाती आलं नव्हतं. १५३१ सालचा मोठा हल्ला तर साफ फसला. शेवटी तलवारीने जे जमलं नाही ते सुलतानाच्या अडचणीने जमवलं. हुमायून गुजरातवर चालून येणार अशी चिन्हं दिसू लागली, तेव्हा सुलतान बहादूरशहाने पोर्तुगीजांशी जुळवून घेतलं. डिसेंबर १५३४च्या तहात त्याने वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटं देऊन टाकली. पुढच्या वर्षी हुमायूनने त्याला खरोखरच पळवून लावलं, तेव्हा मदतीच्या आशेवर दीवला किल्ला बांधायची परवानगी दिली. मुंबई आणि दीव अशी एकाच माणसाच्या अडचणीतून वर्षभराच्या अंतराने पोर्तुगीजांना मिळाली. सुलतानाला लवकरच पश्चात्ताप झाला. पण फेब्रुवारी १५३७मध्ये पोर्तुगीज गव्हर्नरला जहाजावर भेटून परतताना झालेल्या झटापटीत तो दीवच्याच पाण्यात मारला गेला.

किल्ला मोठा आहे आणि उन्हाचा आहे. टोपी, पाणी आणि सकाळची वेळ ही तिन्ही हवीत. तीन बाजूंना समुद्र, चौथ्या बाजूला खंदक. बाहेरच्या खंदकात भरतीचं पाणी शिरतं आणि ओहोटीला उतरतं. आत दीपगृह, पडझड झालेलं चर्च, गंजक्या तोफा आणि गोळ्यांचे ढीग. एका भागात पुढे बरीच वर्षं तुरुंगही होता. मुलं एकेक तोफ घोडा समजून बसून पाहत होती. सगळ्यात मोठी तोफ मात्र इथे नाहीच. बहादूरशहाच्या काळातली, अरबी लेख कोरलेली अजस्र तोफ पोर्तुगीजांनी लिस्बनला नेली, ती तिथल्या लष्करी संग्रहालयात 'दीवची तोफ' म्हणून ठेवलेली आहे.

या किल्ल्याला दोन मोठे वेढे पडले. १५३८ साली तुर्की आरमार घेऊन सुलेमान पाशा आला आणि हात हलवत परत गेला. १५४६चा वेढा त्याहून वाईट. एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत तो चालला, किल्ल्याखाली सुरुंग लागले, वेढा घालणारा ख्वाजा सफर तोफगोळ्याने मेला, त्याच्या मुलाने वेढा पुढे चालवला. ऑगस्टमध्ये एक बुरूज सुरुंगाने उडाला आणि त्यात गोव्याचा गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याचा तरुण मुलगा फर्नांदो गेला. नोव्हेंबरात कास्त्रो स्वतः मोठं आरमार घेऊन आला आणि वेढा फोडला.

पुढची गोष्ट आजोबांनी बुरुजाच्या सावलीत बसून सांगितली. किल्ल्याचा ढिगारा झालेला, नव्याने बांधायला पैसा नाही. कास्त्रोने गोव्याच्या नगरसभेकडे कर्ज मागितलं. तारण म्हणून मेलेल्या मुलाची हाडं पाठवायचा त्याचा विचार होता, पण प्रेत अजून हाडं काढता येतील अशा अवस्थेत नव्हतं. म्हणून त्याने आपल्या दाढीचे केस कापून तारण पाठवले.

"मग? दिले पैसे?" नातवाने विचारलं.

"दिले ना. आणि केस परत पाठवले."

"आपल्या सोसायटीत दाढीवर कोणी मेंटेनन्सचे दोनशे रुपये सोडणार नाही," मुलगा म्हणाला, तेव्हा आजीने डोळे वटारले.

हा कास्त्रो बोरिवलीकरांना एका वेगळ्या कारणाने जवळचा निघतो. नुसता सेनापती नव्हता तो. नकाशे काढणारा, चुंबकसूचीची निरीक्षणं लिहून ठेवणारा माणूस होता. १५३८-३९ साली गोव्याहून दीवपर्यंतच्या किनाऱ्याचं त्याने तपशीलवार वर्णन लिहिलं आणि त्यात घारापुरीची व कान्हेरीची लेणीही टिपली. ज्या कान्हेरीला हे कुटुंब पावसाळ्यात डबे घेऊन जातं तिथे हा दाढीवाला आपल्या आधी येऊन गेलाय, हे ऐकून मुलांना वेढ्यापेक्षा जास्त मजा वाटली.

किल्ल्यातून गावात शिरलं की उन्हाची धग एकदम कमी होते, कारण गल्ल्या अरुंद आणि घरं एकमेकांना टेकलेली. चर्चेसच्या आसपासचा भाग तो फिरंगीवाडा, पलीकडे गुजराती वस्ती. रंगवलेल्या भिंती, लाकडी गॅलऱ्या, चुन्यातली वेलबुट्टी. नगरशेठच्या हवेलीसमोर माणूस मान वर करून उभाच राहतो. घरांना कुलपंही पुष्कळ दिसतात. त्यामागे एक कायदा आहे. १९ डिसेंबर १९६१पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. त्या वाटेने दीवची कितीतरी कुटुंबं आधी लिस्बनला आणि तिथून इंग्लंडात, विशेषतः लेस्टरला गेली. त्याआधीच्या पिढ्या मोझांबिकला जायच्या. कुलूप लावलेल्या घराच्या भिंतीचा रंग नवा दिसला तर समजावं, घरचे नुकतेच येऊन गेलेत.

तीन चर्चेस एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. टेकाडावरचं सेंट फ्रान्सिस १५९३चं. त्याचा पुढे दवाखाना झाला. सेंट थॉमस १५९८चं, पांढरंशुभ्र. आता तिथे संग्रहालय आहे. दगडी मूर्तींच्या आणि लाकडी संतांच्या गर्दीत आजीने एका फुटक्या मूर्तीला सवयीने हात जोडले. सेंट पॉल मात्र चालू चर्च आहे. १६०१ साली जेझुइटांनी बांधायला घेतलं, १६१०मध्ये पुरं झालं. दर्शनी भिंत शंख, वेली, खांब यांनी गजबजलेली, आणि आत काळपट लाकडावरचं कोरीवकाम. एकच चर्च पाहायला वेळ असेल तर हेच पाहावं. जुन्या गोव्यातल्या भव्य चर्चेसच्या तोडीचं नाही, पण इथे रांग नसते आणि बाकावर शांत बसता येतं.

रविवारी मासनंतर अंगणात थांबलं तर क्वचित काही म्हातारी माणसं वेगळीच बोली बोलताना ऐकू येतात. ती दीवची पोर्तुगीज मिश्र बोली. गुजरातीच्या शेजारात चारशे-पाचशे वर्षं राहून ती पार बदलली आहे. आता ती बोलणारी कॅथलिक घरं मोजकीच उरली. तिची एक मावसबहीण आपल्याकडेही आहे. रेवदंड्यासमोरच्या कोर्लई गावात लोक अशीच पोर्तुगीजातून निघालेली बोली घरात बोलतात. फक्त तिच्यात गुजरातीच्या जागी मराठी मिसळलेली आहे.

गावाची आणखी एक जुनी आठवण पारशांची. 'किस्सा-ए-संजान' ही त्यांची परंपरागत कथा सांगते की इराणातून निघालेली मंडळी संजाणला पोहोचण्याआधी दीवला उतरली आणि एकोणीस वर्षं इथे राहिली. दुधात साखरेची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, त्याआधीची ही एकोणीस वर्षं कोणी सांगत नाही.

चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली तेव्हा उत्तरेकडे पोर्तुगीजांपाशी दमण आणि दीव एवढंच उरलं. ते पुढे टिकलं ते १९६१च्या डिसेंबरपर्यंत. १८ डिसेंबरला भारतीय फौजांनी दीववर चढाई केली. हवाई दलाने धावपट्टीवर बॉम्ब टाकले, 'व्हेगा' ही पोर्तुगीज गस्तीनौका बुडवली, 'आयएनएस दिल्ली'ने समुद्रातून किल्ल्यावर मारा केला. दुसऱ्या दिवशी चारशे सव्वीस वर्षांचा अंमल संपला. मग १९८७पर्यंत दीवचा कारभार पणजीहून चालायचा. मधल्या समुद्राचा विचार केला तर ही गैरसोयच होती. आज राजधानी दमण आहे, पण दीवमधला खटला वरच्या कोर्टात गेला तर तो अजूनही मुंबई उच्च न्यायालयात येतो.

संध्याकाळी दक्षिण किनाऱ्याच्या रस्त्याने खुकरी स्मारकाकडे जावं. ९ डिसेंबर १९७१च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने 'आयएनएस खुकरी'वर टॉर्पेडो सोडले. जहाज काही मिनिटांत गेलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र दिलं गेलं. काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती आहे आणि समोर तोच समुद्र. दिवसभर दंगा करणारा नातू नावांची यादी वाचत होता. मध्येच त्याने वडिलांना हाक मारून एका आडनावावर बोट ठेवलं. मराठी होतं. पुढे त्याच नावाची दुसरी 'खुकरी' निवृत्त झाल्यावर २०२२ साली दीवला दिली गेली. ते खरं जहाज मुलांना दाखवण्यासारखं आहे.

गंगेश्वराला जाताना भरती-ओहोटीची वेळ विचारून घ्यावी. फुदम गावाजवळ कपारीत पाच शिवलिंगं आहेत, पांडवांनी स्थापलेली अशी श्रद्धा. भरतीला लाटा आत येऊन पिंडी न्हाऊ घालतात, पूर्ण भरतीत त्या झाकल्याच जातात. पायऱ्या शेवाळलेल्या असतात, म्हाताऱ्या माणसांचा हात धरावा. जेवणाचं म्हणाल तर गुजराती थाळी जागोजाग आणि मासे ताजे. बेटाच्या पश्चिम टोकाला वणाकबारा हे मच्छीमारांचं बंदर आहे; सकाळी लवकर गेलं तर होड्या लागताना, टोपल्या उतरताना पाहता येतात. मात्र मालवणी चवीची अपेक्षा ठेवून गेलेल्याचा हिरमोड होतो. गोव्यासारखं पोर्तुगीज वळणाचं जेवण इथल्या हॉटेलांत जवळजवळ मिळत नाही. ते घराघरांत होतं, आणि घरं लेस्टरला गेली.

आता शेवटचं आणि कामाचं. दिवाळीची सुट्टी लागली की मनात येईल, लगेच निघावं. तसं करू नये. दिवाळीपासून लाभपंचमीपर्यंत गुजरातेतली दुकानं बंद असतात आणि निम्मं सौराष्ट्र दीवमध्ये असतं. खोल्यांचे भाव चढलेले, नागोआच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगा, आणि तटाच्या आतल्या गल्लीत स्कूटरला सुद्धा वाट नाही. एकतीस डिसेंबरलाही तेच. देवदिवाळी उलटू द्या आणि सोमवार ते गुरुवार असे दिवस निवडा. राहायची सोय नागोआला न करता गावात करा. मग सकाळी सातला, बंदर चौकात चहाची पातेली नुकतीच चढलेली असताना, झांपा दरवाजापासून किल्ल्यापर्यंत पायी जा. मध्ये कुठे थांबला नाहीत तर अर्धा तासही लागत नाही. बोरिवलीच्या कुटुंबाला अडीच तास लागले.